हंगामी वेशभूषा व सौंदर्यप्रसाधन

वर्षाच्या ठराविक काळात स्त्रीपुरुषांच्या पोशाखात, केशभूषेत, सुगंधी द्रव्यांत व अंगरागांत नियमितपणे होणारे बदल. या बदलांमागे मुख्यतः तीन प्रेरणा आढळतात : हवामान, सणांचे किंवा दरबारी रिवाजाचे पंचांग आणि व्यापाराचे वेळापत्रक. पहिल्या दोन प्रेरणा फार जुन्या असून बहुतेक सर्व सुसंस्कृत समाजांत त्या कमीअधिक प्रमाणात दिसून येतात. तिसरी सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये उदयास आली आणि पुढील तीनशे वर्षांत तिने पहिल्या दोहोंना बऱ्याच अंशी मागे सारले. ‘फॅशनचा हंगाम’ असे ज्याला आज म्हणतात, तो या तिसऱ्या प्रकारचा होय. तो ऋतूचे नाव धारण करतो. परंतु पाऊसपाणी व थंडीवारा यांच्याशी त्याचे नाते बहुधा नावापुरतेच उरलेले असते.

प्राचीन व मध्ययुगीन भारत : भारतीय परंपरेत वर्षाचे सहा ऋतू कल्पिलेले असल्याने पोशाख व प्रसाधन यांचा विचारही सहा अंगांनी झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. तीत आहाराबरोबरच वस्त्रे व अनुलेपने यांचे विवेचन येते. हेमंतात जाड व उबदार पांघरुणे आणि अगुरूचा दाट लेप, वसंतात चंदन व अगुरू या दोहोंचा लेप, ग्रीष्मात केवळ चंदन व मोत्यांचे अलंकार, वर्षाकाळी उटणे लावून स्नान, सुगंध व हलकी, स्वच्छ वस्त्रे, तर शरदात त्या ऋतूतील फुलांच्या माळा व निर्मळ वस्त्रे असा हा क्रम आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंतासाठी केशर-कस्तुरीचा लेप व अगुरूचा धूप विहित आहे. या ग्रंथांत सौंदर्य आणि आरोग्य यांच्यात भेद केलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शिवाय हा उपदेश प्रामुख्याने पुरुषाला उद्देशून आहे. प्रसाधन हा केवळ स्त्रियांचा विषय आहे, ही समजूत बरीच अलीकडची म्हटली पाहिजे.

कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहार काव्याच्या सहा सर्गांत ग्रीष्मापासून वसंतापर्यंतच्या ऋतूंचे वर्णन असून त्यात स्त्रियांची तलम वस्त्रे, चंदन, हार, धूपाने सुगंधित केलेले केस आणि वसंतातील करडईच्या फुलांनी रंगविलेली रेशमी वस्त्रे यांचे उल्लेख येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या वस्त्रोपभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मूलस्थान (मुलतान), कलिंग, वंग, महाचीन इ. ठिकाणांहून येणाऱ्या वस्त्रांची नोंद आहे आणि कोणत्या ऋतूत राजाने कशी वस्त्रे परिधान करावीत, हेही सांगितले आहे. अर्थात ही सर्व वर्णने दरबारी व नागर जीवनाची आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुणब्याला ऋतू बदलला म्हणून वस्त्र बदलण्याची सोय नव्हती. त्याची घोंगडी थंडीत पांघरूण होई आणि पावसात तिचीच खोळ करून तो डोक्यावर घेई. कोकणात हे काम पानांनी शाकारलेले इरले करी.

मोगल काळात सुगंधी द्रव्ये व शाली यांना विशेष महत्त्व प्राप्त झाले. अकबराच्या दरबारातील सुगंधशाळा व वस्त्रागार यांचे सविस्तर वर्णन आईन-इ-अकबरी या ग्रंथात आहे. शाल दुहेरी करून वापरण्याची रीत अकबराने पाडल्याचे त्यात नमूद केले आहे. काश्मिरी शाली जोडीने विणल्या व दिल्या जात. मराठीतील ‘शालजोडी’ हा शब्द आणि ‘शालजोडीतला मारणे’ हा वाक्प्रचार त्याच वैभवाची आठवण देतो. अत्तरांच्या वापरातही ऋतुभेद पाळला जाई. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब व केवडा यांची शीतल मानलेली अत्तरे आणि हिवाळ्यात हिना, शमामा, कस्तुरी, अंबर यांची उष्ण मानलेली अत्तरे, हा विवेक अत्तराच्या जुन्या दुकानांत आजही सांगितला जातो. कनौजचे मातीचे अत्तर पहिल्या पावसाचा गंध कुपीत साठवते.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात हंगामी वेशभूषेचे व प्रसाधनाचे नियम शास्त्रग्रंथांपेक्षा सणांनी अधिक टिकवून ठेवले. दिवाळीतील अभ्यंगस्नानात सुगंधी तेल व उटणे यांचा वापर होतो. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, चंदन इ. घटकांचे हे उटणे आश्विनाच्या अखेरीस, म्हणजे त्वचा कोरडी पडू लागण्याच्या नेमक्या वेळी अंगाला लागते व ते स्त्रीपुरुष दोघांनाही लागते. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग मकरसंक्रांतीला मुद्दाम वापरला जातो. त्या दिवशीची काळी चंद्रकळा आणि नववधूच्या अंगावरील हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने हे मराठी घरांतील हंगामी वेशभूषेचे बहुधा सर्वांत देखणे उदाहरण होय. काळे वस्त्र उष्णता शोषून घेते, असे त्याचे लौकिक स्पष्टीकरण देण्यात येते. चैत्रातील हळदीकुंकवास हातांना चंदन लावण्याची व मोगऱ्याची फुले देण्याची पद्धत आहे. नागपंचमीच्या सुमारास मेंदी, श्रावण-भाद्रपदात वेणीत केवडा व सोनचाफा, मार्गशीर्षात शेवंती, असा फुलांचाही क्रम आहे. पुरुषांच्या बाबतीत उन्हाळ्यातील उपरण्याची जागा थंडीत शाल किंवा धाबळी घेई, आणि बंडीत कापूस भरून ती उबदार करीत. राजस्थानात याच प्रकारे श्रावणातील तीजेला लहरिया आणि फाल्गुनात फागणिया ओढणी घेतली जाते.

मनुष्यांबरोबर देवांनाही ऋतुमान लागू केलेले आढळते. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीस गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत दररोज चंदनाची उटी लावतात. नाथद्वार येथील श्रीनाथजींना हिवाळ्यात रुई भरलेली व उन्हाळ्यात तलम वस्त्रे घालतात, आणि मूर्तीमागील पिछवाईचे चित्रही ऋतूनुसार बदलते.

जपान : सणांऐवजी राजाज्ञेने ऋतुवेष ठरविण्याचे उदाहरण म्हणून जपानचा निर्देश करता येईल. हेइआन काळापासून (७९४–११८५) दरबारात चौथ्या व दहाव्या चांद्रमासाच्या आरंभी सर्वांनी एकाच दिवशी वस्त्रे बदलण्याचा परिपाठ होता. त्यास ‘कोरोमोगाए’ म्हणतात. एकावर एक घातलेल्या झग्यांच्या कडांमधून दिसणाऱ्या रंगांच्या जोड्यांनाही ऋतूतील फुलापानांची नावे होती. त्या चुकल्यास रसिकता उणी ठरे. मेजी काळात ही तारीख १ जून व १ ऑक्टोबर अशी ठरली आणि जपानमधील अनेक शाळा व कार्यालयांचे गणवेश त्या सुमारास बदलण्याची प्रथा आजतागायत चालू आहे.

फ्रान्स व व्यापारी हंगामाचा उदय : चौदाव्या लुईच्या दरबारात प्रथम हवामानाचाच आधार होता : मखमल हिवाळ्यासाठी, तफेता उन्हाळ्यासाठी. पुढे लेससारख्या, उबेशी काहीही संबंध नसलेल्या वस्तूलाही ऋतू चिकटले. सुईने विणलेली आलांसाँची लेस हिवाळी आणि मेखलेनची लेस उन्हाळी समजली जाऊ लागली. १६७२ मध्ये झां दॉनो द व्हीझे याने सुरू केलेल्या ल मर्क्यूर गालां या नियतकालिकाने नवे पोशाख ऋतुवार वर्णन करून दरबाराबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचविले. १६७८ मध्ये त्यात वेशभूषेची चित्रेही छापली गेली. फ्रेंच वेषातील बाहुल्या युरोपातील राजधान्यांत पाठविण्यात येत.

या प्रथेचा खरा आर्थिक लाभ लीआँच्या रेशीम व्यापाऱ्यांनी उठविला. इतर देशांतील विणकर त्यांच्या नमुन्यांची नक्कल करून स्वस्त दराने विकीत. त्यावर त्यांनी योजलेला उपाय साधा होता : नमुने दरवर्षी बदलावयाचे. नक्कल बाजारात येईपर्यंत मूळ नमुना जुना झालेला असे. अशा रीतीने कापड झिजण्यापूर्वीच ते निरुपयोगी ठरविण्याची युक्ती सापडली. हंगामी फॅशनच्या सर्व पुढील इतिहासाचे बीज या युक्तीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

काश्मिरी शालीचा चढउतार : दूर देशीच्या हंगामावर विसंबलेल्या कारागिरांचे काय होते, हे काश्मिरी शालीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील स्त्रियांनी घेरदार पोशाख टाकून उंच कमरेचे, तलम मलमलीचे झगे स्वीकारले. हे वस्त्र बंगालच्या उन्हाळ्यास योग्य होते. पॅरिसच्या हिवाळ्यास नव्हे. फॅशनने हवामानाशी घेतलेल्या या फारकतीतून शालीची गरज निर्माण झाली. नेपोलियनच्या ईजिप्तवरील स्वारीनंतर (१७९८–१८०१) काश्मिरी शाली फ्रान्समध्ये विशेष परिचित झाल्या आणि सम्राज्ञी झोझेफीनमुळे त्यांना प्रतिष्ठा लाभली. म्हणजे एका भारतीय वस्त्राने आणलेली थंडी दुसऱ्या भारतीय वस्त्राने भागविली.

पश्मिन्याची कानी शाल असंख्य छोट्या लाकडी काठ्यांवर रंगीत धागे गुंडाळून विणतात. उत्तम शालीस कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ लागे. मागणी वाढताच फ्रेंच व्यापाऱ्यांचे अडत्ये श्रीनगरात येऊन राहू लागले व पॅरिसच्या आवडीचे नकाशे विणकरांना देऊ लागले. दुसरीकडे झाकारच्या मागावर फ्रान्समध्ये व स्कॉटलंडमधील पेझली या गावी शालीच्या नकला होऊ लागल्या. मराठीत ज्या आकृतीस आपण ‘कोयरी’ म्हणतो, तिला इंग्रजीत पेझली हे नाव पडले ते या नकलांच्या गावावरून. मूळ विणकरांचे गाव त्या नावातून पुसले गेले.

१८४६ च्या अमृतसरच्या तहानुसार जम्मू-काश्मीरचा महाराजा ब्रिटिशांना दरवर्षी जी खंडणी देई, तीत तीन जोड काश्मिरी शालींचा समावेश होता. राज्याच्या महसुलाचाही मोठा भाग शालींवरील करातून येई. कराचा बोजा असह्य होऊन २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात विणकरांनी निदर्शने केली. सैन्याने ती मोडून काढली व त्यात अनेक विणकर मृत्युमुखी पडले. पाठोपाठ बाजारच नाहीसा झाला. १८५० नंतरच्या फुगीर क्रिनोलीन घागऱ्यांवर मोठी शाल शोभून दिसे. परंतु १८७० च्या सुमारास घागऱ्याचा सर्व घेर मागील बाजूस चुण्यांनी उचलून धरण्याची पद्धत आली. शाल घेतल्यास तो सारा डौल झाकला जाई, म्हणून शाल मागे पडली. त्यातच १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रान्सची खरेदी थांबली आणि १८७७–७९ च्या दुष्काळात काश्मीरमधील विणकरांची दैना झाली. त्यांच्यापैकी अनेकजण याआधीच अमृतसर, लुधियाना इ. ठिकाणी स्थलांतरित झाले होते. पॅरिसमधील स्त्रियांच्या पाठीमागच्या चुण्यांनी झेलमकाठचे माग बंद पडावेत, ही गोष्ट विलक्षण वाटते. या धंद्याच्या नाशास इतरही कारणे होती, विशेषतः करपद्धती व यंत्रनकला. तथापि घाव बसला तो रुची पालटल्याने.

वर्षाचे दोन हंगाम : चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–९५) या इंग्रज शिंप्याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपली पेढी स्थापन केली. तोवर ग्राहकस्त्री सांगेल तसा पोशाख शिवला जाई. वर्थने स्वतः कल्पिलेले पोशाख तयार करून, ते जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून दाखविण्यास प्रारंभ केला. १८६८ मध्ये उच्च शिवणकामाच्या पेढ्यांचा संघ निघाला. विसाव्या शतकात वसंत-ग्रीष्म व शरद-शिशिर अशा दोन संग्रहांचे वर्षातून दोनदा प्रदर्शन करण्याची पद्धत स्थिर झाली. ही प्रदर्शने प्रत्यक्ष ऋतूच्या कितीतरी आधी होतात, कारण मधल्या काळात व्यापाऱ्यांना मागणी नोंदवून माल तयार करून घ्यावयाचा असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात लोकरी कोटांची चर्चा चालते. क्रिस्त्यां द्यॉर याने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी दाखविलेल्या संग्रहातील बारीक कंबर व लांब, घेरदार झगे यांनी कापडटंचाईतील युरोपात खळबळ उडविली आणि एका संग्रहामुळे जगभरची कपाटे जुनी होऊ शकतात, हे सिद्ध केले. १९४३ मध्ये युद्धामुळे पॅरिसशी संपर्क तुटलेला असताना न्यूयॉर्कमध्ये एलिनॉर लँबर्ट हिने वृत्तपत्रांसाठी प्रदर्शनांचा आठवडा भरविला होता. सांप्रतच्या ‘फॅशन वीक’ या प्रथेचा उगम त्यात आहे. मिलान व लंडन ही अन्य प्रमुख केंद्रे होत. हंगामाचे रंगही अगोदर ठरविण्यात येतात. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगद्रव्यांची आवक थांबल्यावर अमेरिकन उत्पादकांच्या एका संघाने १९१५ मध्ये प्रमाण रंगपत्रिका काढली. तेव्हापासून कापड, चामडे, ओष्ठरंग व नखरंग यांचे उत्पादक एकाच रंगपत्रिकेवर विसंबू लागले.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पुरुषाने रंग, लेस व पावडर यांचा त्याग करून गडद सूट पत्करला. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९३० मध्ये या घटनेला ‘पुरुषांचा महान त्याग’ असे नाव दिले. परंतु हंगामाच्या नियमांतून पुरुष सुटला नाही. अमेरिकेत गवती टोपी उन्हाळ्यापुरती मानली जाई व १५ सप्टेंबरनंतर ती घालणे हास्यास्पद ठरे. १३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये टवाळ मुलांनी दोन दिवस आधीच लोकांच्या टोप्या हिसकावून तुडविण्यास सुरुवात केली व त्यातून अनेक दिवस चाललेली दंगल उसळली. हवा अजून उन्हाळी होती किंवा नाही, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

कातडीचा रंग : त्वचेच्या रंगासही ऋतू मिळाला तो विसाव्या शतकात. शेतीप्रधान युरोपात गोरी, उन्हापासून जपलेली त्वचा कुलीनतेचे लक्षण होती. श्रमिक वर्ग कारखान्यांच्या छपराखाली गेल्यावर उलट झाले. फिन्सेन याच्या प्रकाशचिकित्सेस १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाल्याने ऊन आरोग्यदायी असल्याचा समज पसरला आणि समुद्रकाठी रापलेली त्वचा ही सवड व संपत्ती यांची खूण ठरली. झां पातू याने १९२७ मध्ये ऊन घेताना लावावयाचे तेल विक्रीस आणले. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाल्यावर ही चाल सर्वसामान्यांत पोहोचली. पुढे सूर्यकिरण कर्ककारक असल्याचे निश्चित झाले (१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तसे वर्गीकरण केले) आणि रापविणाऱ्या तेलांच्या जागी संरक्षक मलमे आली. भारतात मात्र श्रम उन्हातच होत राहिल्याने गोरेपणाची ओढ टिकली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव तीव्र टीकेनंतर २०२० मध्ये बदलावे लागले. रापणे आणि उजळणे या दोन्ही हौशी वरकरणी परस्परविरुद्ध दिसल्या, तरी ‘मला राबावे लागत नाही’ एवढेच दोहोंतून सांगावयाचे असते.

आधुनिक भारत : भारतात कापडखरेदीचे हंगाम दिवाळी व लग्नसराई हे होत, मुंबईच्या गिरण्या व पेठांतील दुकाने यांचा हिशोब त्यांवरच चाले. प्रसाधनांत मात्र हवामानाचे भान राहिले. मुंबईत १९१९ मध्ये निघालेले ‘अफगाण स्नो’, कलकत्त्यात १९२९ मध्ये निघालेले ‘बोरोलीन’, थंडीतील कोल्ड क्रीम आणि उन्हाळ्यातील घामोळ्यांची पावडर ही घराघरांत पोहोचली. ‘लॅक्मे’ ही टाटा समूहाची प्रसाधन कंपनी १९५२ मध्ये स्थापन झाली. २००० मध्ये तिच्या पुरस्काराने दिल्लीत पहिला भारतीय फॅशन सप्ताह भरला. तेथे पॅरिसचे द्विभाजन जसेच्या तसे उचलणे अवघड होते. कारण चेन्नई वा मुंबई येथे लोकरी कोटाचा संग्रह कोण घेणार? म्हणून पुढे मुंबईतील सप्ताहांना ‘समर रिझॉर्ट’ व ‘विंटर फेस्टिव्ह’ अशी नावे देण्यात आली. हिवाळ्याच्या जोडीला सण बसवून भारतीय व्यापाराने आपल्या जुन्या पंचांगाशी तडजोड केली.

एकविसाव्या शतकात दोन हंगामांची चौकटही ढिली झाली. स्पेनमधील ‘झारा’सारख्या विक्रेत्यांनी दुकानांत आठवड्यातून दोनदा नवा माल आणण्यास सुरुवात केली. न विकलेल्या मालाचे करावयाचे काय, हा प्रश्न त्यातून बिकट झाला. ‘बर्बरी’ या इंग्रज कंपनीने २०१७–१८ या वर्षात सु. २ कोटी ८६ लक्ष पौंड किंमतीचा माल नष्ट केल्याचे उघड होताच टीका झाली व कंपनीने ती प्रथा बंद केली. फ्रान्सने २०२० च्या कायद्यान्वये न विकलेल्या वस्त्रांच्या नाशास बंदी घातली. ती २०२२ पासून अंमलात आली. २०२० च्या महामारीत ‘गुच्ची’ने वर्षातील प्रदर्शने कमी करण्याची व हंगामांची नावे सोडून देण्याची घोषणा केली होती.

थंड देशांत टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचा मोठा साठा हरियाणातील पानिपत येथे येतो. तेथे गुंड्या व चेन काढून, रंगांनुसार निवड करून, कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात. निवड रंगांनुसार झालेली असल्याने सूत बहुधा नव्याने रंगवावे लागत नाही. निवडीचे काम मुख्यतः स्त्रिया करतात, आणि उडणाऱ्या तंतूंचा त्रास त्यांनाच अधिक सोसावा लागतो. या सुताची स्वस्त, करडी कांबळी भूकंप, पूर व युद्धे यांतील निराश्रितांसाठी मदतसंस्था दीर्घकाळ खरेदी करीत आल्या. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ, चमकदार ब्लँकेटांनी तीही बाजारपेठ बळकावल्याने पानिपतच्या अनेक कारखानदारांनी चिंध्यांचे यंत्र सोडून पॉलिएस्टरचे यंत्र बसविले आहे.